मनगटावरची काळी फीत

४ मे

मुंगे,

पत्राच्या वर काय लिहायचं ते मला सुचलं नाही. तुझी आई म्हणाली, अनेक आशीर्वाद लिही. आशीर्वाद घ्यायला माणूस समोर तर यायला हवं. चार महिने झाले. हॉस्पिटलात आली नाहीस, घरी आली नाहीस, फोन उचलत नाहीस. म्हणून चौथीपर्यंत शिकलेली बाई पेन घेऊन बसली आहे. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. तुला तिथे दुसरं काम काय आहे?

औषधांच्या गोदामात खोकी मोजतेस म्हणे. सात वर्षं रुग्णवाहिकेवर काढलेली मुलगी आता खोकी मोजते. खोकी बरीच की. ती रक्त सांडत नाहीत आणि त्यांतलं एखादं आपली आजीही निघत नाही.

तू विचारलं नाहीस तरी माझं सांगते. उजवा पाय गुडघ्याखाली गेला, डावा शाबूत आहे. दुकानदार एकच चप्पल विकत नाही, म्हणून उजवी कोरी चप्पल मी दाराशी ठेवली आहे, ती मांजराला फेकून मारायला उपयोगी पडते. शेजारीण रोज येऊन माझ्या पायाकडे बघून डोळे पुसायची. मी म्हटलं, तुला दोन धडधाकट पाय आहेत ना, मग जरा ओट्याशी उभी राहा आणि भांडी घास. त्या दिवसापासून फिरकली नाही.

आता मुद्द्याचं. काल तुझ्या आईच्या तोंडून निसटलं की तू चौकशी समितीला माफीपत्र पाठवलं आहेस. माझ्या हातून चूक झाली, जिवंत बाईला मेलेली ठरवून मी पुढे गेले, होईल ती शिक्षा मान्य आहे. तीस तारखेला समितीसमोर उभी राहून त्याच्यावर सही करणार, आणि सही झाली की रुग्णवाहिकेचं काम जन्मात पुन्हा मिळणार नाही.

अगं बाई, कुणाच्या हातात काय नेऊन देतेस? त्या दिवशी पन्नास मिनिटं पोलिसांनी बांधलेल्या दोरीपलीकडे उभे राहिलेले जे थोर लोक आहेत ना, ते तुझ्या पत्राचीच वाट बघत बसलेत. त्यांना कुणीतरी चुकलेलं हवं होतं. ते स्वतः काही करतच नव्हते, मग बिचारे चुकणार कुठून?

त्या पन्नास मिनिटांचं लिहीन. आज बोटं दुखली.

आजी


९ मे

मुंगे,

काल समितीचा माणूस जबाब घ्यायला आला होता. बसायच्या आधी त्याने रुमालाने आपली खुर्ची पुसली. तुझ्या आईने त्याला चहा केला, मी असते तर पाणीसुद्धा विचारलं नसतं. मी होतेच म्हणा, पण आता उठून कप हिसकावता येत नाही.

मी म्हणाले, दारावरचा पहारेकरी रक्त जाऊन जाऊन मेला. त्याने लिहिलं, सुरक्षा कर्मचाऱ्याचा दुर्दैवी मृत्यू झाला. मी म्हटलं, दुर्दैवी नाही, वीस मिनिटांनी झाला, ती वीस मिनिटं लिहा. तर म्हणतो, आजी, वेळेच्या नोंदी आमच्याकडे आहेत, आणि तुम्हाला तर मनगटाला काळी फीत होती. म्हणजे मेलेल्या बाईचा जबाब कच्चा. मग आलास कशाला, कप विसळायला?

त्याने काही लिहिलं नाही म्हणून तुला लिहिते. तू आत आलीस ती शेवटी. त्याआधीचं तुला ठाऊक नाही.

जानेवारीतली सकाळ होती. मी निवृत्तिवेतनाच्या कचेरीत गेले होते, जिवंत असल्याचा दाखला द्यायला. तीन नंबरच्या खिडकीवरची कारकून बाई माझा फोटो बघत होती आणि मला बघत होती. म्हणाली, फोटो जुना आहे, सही जुळत नाही, या तुम्हीच कशावरून? मी तोंड उघडणार, एवढ्यात दारात स्फोट झाला. खिडकीचा अख्खा लाकडी काउंटर माझ्या पायावर आला. मग चार बंदूकवाले आत आले, दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडत जिन्याने वर गेले, साहेब लोकांच्या मजल्यावर. खालच्या दालनात नंतर कुणीही बंदूकवाला नव्हता. हे मी डोळ्यांनी बघितलं.

माझ्यापासून दोन हातांवर तो पहारेकरी पडला होता. मांडीत गोळी. मी हात लांब केला, पोचला नाही. त्याच्या खांद्यावरचा बोलायचा डबा चालू होता, त्यामुळे बाहेरचं सगळं मला घरबसल्या ऐकू येत होतं.

बाहेर दोन साहेब होते, एक पोलिसांचा, एक लष्कराचा. तोंडं दिसली नाहीत, पण दोघांच्या वर्दीचं कापड मला पाठ आहे. तीस वर्षं सरकारी कारखान्याच्या रंगखात्यात मी तेच हौदात बुडवत होते, एका हौदात खाकी आणि दुसऱ्यात हिरवं. पन्नास धुण्यांत उडणार नाही असा पक्का रंग द्यायचो आम्ही. आत माणूस कसला भरतात ते आमच्या खात्याकडे नव्हतं.

पोलिसांचा म्हणत होता, हे काम आमच्या ताकदीबाहेरचं आहे, तुम्ही आत शिरा. लष्कराचा म्हणत होता, शिरतो, पण इमारतीचा ताबा लेखी द्या, उद्या आत काही झालं तर आम्ही कुणाच्या सांगण्यावरून गेलो? लेखी देणारा वरचा साहेब बैठकीत होता. त्याला बोलवायला माणूस गेला, मग त्या माणसाला शोधायला दुसरा माणूस गेला. मध्येच तुमच्या रुग्णवाहिकांच्या मुख्य बाईंनी विचारलं, माझी माणसं निदान दारापर्यंत पाठवू का? तेव्हा दोघे एकदम म्हणाले, नाही. सबंध सकाळभरात त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

मग पहारेकऱ्याने डबा तोंडाशी धरला. शांतपणे बोलला, दुकानात सामान मागावं तसा.

"खाली कुणी नाही. चौघेही वर गेलेत. इथे माणसं जिवंत आहेत, दारातून सरळ आत या."

"कोण बोलतंय? ओळख क्रमांक सांगा."

त्याने सांगितला. कागद चाळल्याचा आवाज आला.

"हा क्रमांक यादीत नाही."

"मी कंत्राटी आहे, साहेब. आमची यादी कंत्राटदाराकडे असते."

मग कुणीतरी म्हणालं, हा सापळा असू शकतो, याच्या बोलण्यावर कुणीही आत जायचं नाही. मुंगे, त्याने क्रमांक तीनदा सांगितला. शाळेत पाढा चुकलाय म्हटल्यावर मूल पुन्हा पहिल्यापासून म्हणतं ना, तसा. मग डबा खाली ठेवला आणि मला विचारलं, आजी, मी बरोबर सांगितला ना? मी म्हटलं, बरोबर सांगितलास. मला काय ठाऊक बरोबर का चूक. त्यानंतर तो बोलला नाही.

एक गोष्ट लपवत नाही. नंतर जिन्याखाली दुसरी पिशवी सापडली, फुटायची राहिलेली. म्हणजे त्यांची भीती खोटी नव्हती. भ्यायला माझी ना नाही, मीही भ्याले होते. पण भ्यालेल्याने भ्यालो म्हणावं. यादी कसली बघतोस?

पन्नासाव्या मिनिटाला तुम्ही तिघं कुणाला न विचारता दोरीखालून आत आलात. ते त्यांच्या पोटात अजून दुखतंय. तुम्ही आत आलात आणि काही झालं नाही, ही त्यांची खरी अडचण आहे.

आजी


१७ मे

मुंगे,

तुझं कार्ड मिळालं. अडीच ओळी. आज्जी, श्वास नाही असं मला घाईत वाटलं, तुझा पाय माझ्यामुळे गेला, मला माफ करू नकोस. माफी मागायची नाही आणि मी करायचीही नाही, तर पोस्टमनला चार जिने कशाला चढवलेस? त्याच्या गुडघ्यांची अवस्था माझ्यापेक्षा वाईट आहे.

परवा तीन नंबरच्या खिडकीची कारकून बाई आली होती. मानेवर इथून तिथपर्यंत व्रण आहे. दाखल्याचा कागद घरी घेऊन आली. मी कपाटातून फोटो काढायला सांगणार, तर म्हणाली, फोटो नको, सही नको, मी बघतेय ना तुम्हाला. मी म्हटलं, हे तेव्हाच बघितलं असतंस तर स्फोटाच्या आधी मी घरी पोचले असते. दोघी हसलो. तिला हसताना मान धरावी लागते.

तिने सांगितलं, मला लाल फीत बांधणारी ती मुलगी माझ्या मानेवर दोन्ही हात दाबून गाडीपर्यंत उलट्या पावलांनी चालत आली, हात एकदाही काढला नाही. मी म्हटलं, ती माझी नात. ती म्हणाली, डॉक्टर म्हणाले की अजून चार-पाच मिनिटं गेली असती तर संपलं होतं.

आता मी जे लिहिते ते नीट वाच. हे तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

तुझी परीक्षा होती तेव्हा तू मला स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवं करायचीस. आठवतं? आज्जी, तू जखमी. आज्जी, आता तू मिनिटाला चाळीस श्वास घेतेस. आज्जी, आता तू श्वासच घेत नाहीस. मी डाळ शिजत टाकून तुझ्यासाठी दिवसातून दहादा मरायची. चार रंगांच्या फिती होत्या. चालत जाईल त्याला हिरवी, थोडा थांबू शकेल त्याला पिवळी, लगेच न्यायचा त्याला लाल. आणि श्वास नाही असं दिसलं तर हनुवटी वर करून पुन्हा बघायचं. तरीही नाही, तर काळी बांधायची आणि पुढे जायचं. काळीपाशी थांबलं की पुढचं लाल माणूसही काळं होतं.

आणि तू दर वेळी काळीपाशी थांबायचीस. फीत बांधून झाल्यावरही माझी छाती दाबत बसायचीस. मी हातावर चापट मारायची, मुंगे, मी मेले, ऊठ, पुढच्याकडे जा. वीसदा चापट खाल्लीस तेव्हा कुठे पास झालीस. तुझ्या त्या प्रमाणपत्रावर माझंही नाव हवं होतं.

त्या दिवशी तू दारातून आलीस ती मला दिसलीस. निळे हातमोजे, पाठीवर तुझ्याहून मोठी पिशवी. लहानपणी स्वतःहून मोठी बादली उचलायला जायचीस म्हणून तुला मुंगी म्हणायला लागले, तीच चाल. तुलाही मी दिसले. तू दोन्ही गुडघे टेकलेस आणि म्हणालीस, "आज्जी." आणि तुझे हात थांबले.

तो काउंटर उचलायला चार माणसं आणि अर्धा तास हवा होता. तुमच्यातले दोघे पलीकडच्या कोपऱ्यात गुंतले होते. तुझ्या पाठीमागे त्या कारकून बाईच्या मानेतून रक्ताची धार लागली होती, तू तिच्याकडे पाठ करून बसली होतीस. तुला जा म्हणून सांगितलं असतं तर तू गेली नसतीस. बोलणाऱ्या माणसाला सोडून जाणारी तू नव्हेस, हे मी फरशीवर वीसदा बघितलं आहे.

म्हणून मी डोळे मिटले आणि श्वास रोखून धरला.

रंगखात्यात हौदाचं झाकण काढलं की पहिली वाफ नाकात जाऊ द्यायची नसते. मनात साठ मोजायचे, मग श्वास. आधी घेतला तर छाती जळते. तीस वर्षं, दिवसातून आठ झाकणं. मला त्याचं काही वाटत नाही. तू बघितलंस, हनुवटी वर केलीस, पुन्हा बघितलंस, फीत बांधलीस. नियमाने केलंस. तू चुकली नाहीस, तुला फसवलं. फसवणारी मी.

आणि याला त्यागबिग म्हणू नकोस. चारचौघांत माझ्या घरची मुलगी हातपाय गाळून रडत बसलेली मला बघवली नसती, एवढंच.

दोन तासांनी प्रेतं उचलायला माणसं आली. एकाने खांद्याला धरलं तेव्हा मी म्हटलं, हळू, पाय अडकलाय. तो ओरडून मागे पडला तो त्या काउंटरवरच. माझा पाय डॉक्टर म्हणतात तसा दोन तासांत गेला असेल किंवा पहिल्या मिनिटातही गेला असेल. मला विचारशील तर पहिल्या मिनिटात गेला. पाय माझा होता, मला ठाऊक.

सही करू नकोस.

आजी


३१ मे

मुंगे,

तुझं दुसरं कार्ड. तू मला वाचवायला खोटं बोलतेस, अडुसष्ट वर्षांची जखमी बाई इतका वेळ श्वास रोखू शकत नाही. वा. सात वर्षं लोकांचे श्वास मोजलेस आणि आजीचा मोजता आला नाही.

काल तू आली नाहीस. भित्री आहेस ते आयतं कामाला आलं, सही झाली नाही. मी गेले. कारकून बाईने चाकाची खुर्ची ढकलली. खुर्ची तिला सरळ चालवता येत नाही, दोन दारांना ठोकली.

लांब टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. पोलिसांचा साहेब एका टोकाला आणि लष्कराचा दुसऱ्या टोकाला, मध्ये सगळी समिती. कापड बघून ओळखले. पोलिसांचं कोपरावर विटलं होतं, तो आमचा माल नव्हे. तुझं माफीपत्र अध्यक्षांनी मोठ्याने वाचलं. वाचताना आवाजात दुःख आणलं होतं, फार मेहनत घेतली होती. मग विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का?

मी बोलले. फरशी, फिती, हौद, सगळं. दोघे-तिघे हसले. अध्यक्ष म्हणाले, आजी, नातीबद्दलची तुमची माया आम्ही समजू शकतो, पण हे शक्य नाही. मी म्हटलं, तुमच्यात डॉक्टर कोण? टक्कल पडलेल्या एकाने हात वर केला. मी कारकून बाईला म्हटलं, मला खाली घे.

त्यांच्या सतरंजीला ओल्या कुत्र्याचा वास येतो. मी आडवी झाले. डॉक्टर नाडी धरायला लागला, मी म्हटलं, नाडी नाही, श्वास बघायचा, नियम तुमचाच आहे. आणि धरला.

त्याने छातीकडे बघितलं. गालाजवळ कान आणला. हनुवटी वर केली, हात तुझ्यापेक्षा गार होते. पुन्हा बघितलं. खोलीत कुणाच्या तरी घड्याळाचा आवाज येत होता. मी चव्वेचाळीसवर असताना तो म्हणाला, "काळी."

मी डोळे उघडले आणि म्हटलं, हे लिहून घ्या.

यावेळी लिहून घेतलं.

उठवायला दोघे धावले, मी म्हटलं, राहू दे, इथून बरं दिसतं. टेबलाखालून सगळ्यांचे बूट दिसत होते. तशीच झोपून मी त्या पहारेकऱ्याचा क्रमांक सांगितला. सात आकडी. तीनदा ऐकलेला, विसरणार कसा? म्हटलं, हा आता तरी यादीत आहे का बघा. कुणी कागद चाळला नाही. पोलिसांचा साहेब पाणी प्यायला. लष्कराचा साहेब उभा राहिला. म्हणाला, तो क्रमांक मी ऐकला होता, सापळा आहे असं म्हणणारा मीच, आणि दार उघडं असल्याचं कळूनही मी कागदाची वाट बघितली. मग बसला. मी चार महिने त्याला मनात जे जे म्हणत आले त्यातलं निम्मं परत घेते. निम्मं राहू दे.

तुझं माफीपत्र अध्यक्षांनी बाजूला काढलं. चुकीचा ठपका गेला. दोरी ओलांडल्याबद्दल तुम्हा तिघांना विचारतील, तेव्हा ताठ उभी राहा आणि हो, ओलांडली म्हण. पन्नास मिनिटं कागदावर आली आहेत. पहारेकऱ्याची वीस त्यात आहेत. तो काही परत यायचा नाही.

आता यायचं तर ये, नाहीतर खोकी मोज. मला तुझ्यावाचून अडत नाही. चप्पल मांजराला लागत नाही एवढीच अडचण आहे, माझा नेम चुकतो.

एक गोष्ट मी समितीला सांगितली नाही. तुलाही सांगणार नव्हते.

फीत बांधून झाली, तू उठलीस, दोन पावलं गेलीस. मग परत आलीस. वाकलीस आणि माझ्या राखाडी स्वेटरचं वरचं बटण लावलंस. मला घशात थंडी बसते म्हणून लहानपणापासून लावतेस, तसं. बटण घट्ट आहे, हातमोज्याने लागेना, म्हणून दातांनी एक हातमोजा ओढून काढलास, पापणीच्या फटीतून दिसलं मला, आणि लावलंस. मग गेलीस.

नियमात ते कुठेच नाही. मेलेल्या बाईला थंडी वाजत नाही. तेवढा वेळ त्या कारकून बाईच्या मानेतून गेला. चूक म्हणायची तर तुझी ती एक, आणि ती मी कुणाजवळ बोलणार नाही.

तेव्हा माझे मनात मोजून एकावन्न झाले होते. बावन्न म्हणायला फार जड गेलं.

आजी